खंडेनवमीचं तेल

१८ ऑगस्ट २००३, सोमवार

लोक दरीवर टांगून घ्यायला पैसे मोजतात. स्वतःहून, रांग लावून. हे आज मला कळलं आणि समोरचे पोहे तसेच थंड झाले.

झालं असं, की आमच्या सौ.चा, सुमेधाचा, भाचा यशवर्धन सकाळी घरी आला. सुमेधाचे थोरले बंधू प्रतापराव, त्यांचा हा एकुलता एक. पूर्वज होळकरांच्या दरबारात होते, त्यामुळे प्रतापरावांच्या मिशा अजून सरदारी आहेत. बाकी काही उरलेलं नाही. मुलगा परदेशातल्या हॉटेलांत नोकऱ्या करून परत आलाय आणि त्याला धंदा काढायचाय. धंदा काय, तर महूच्या पुढे घाटात एका दरीच्या या कड्यापासून त्या कड्यापर्यंत पोलादी तार ताणायची. तारेवर कप्पी, कप्पीला पट्टे, पट्ट्यांत माणूस. सोडला की सुटला. याला झिपलाइन म्हणतात.

त्याने फोटोंचा अल्बम उघडला. कोस्टा रिका नावाचा देश आहे, तिथे जंगलाच्या डोक्यावरून बायामाणसं सूं करून चालली आहेत. न्यूझीलंडमध्ये नदीवरून. दक्षिण आफ्रिकेत या झाडावरून त्या झाडावर. एका फोटोत तर पांढऱ्या केसांची म्हातारी पाय हवेत सोडून तोंडभर हसत होती. तिच्या घरच्यांनी तिला सोडली कशी, या विचाराने मी हैराण झालो.

"काका, पूरी दुनिया में चालतं हे. इंदूरला पहिलं आपलं होईल. तुम्ही मेंटेनन्स सांभाळा ना," यशवर्धन म्हणाला.

मी उभी हयात मिलमध्ये काढली, स्पिनिंग खात्याच्या मेंटेनन्सला. मिल बंद झाल्यापासून घरातला एकही स्क्रू मी सुखाने बसू दिलेला नाही. पंखा खोललाय, मिक्सर खोललाय, सुमेधाचं शिलाई मशीन दोनदा खोललंय. तेव्हा मी 'विचार करतो' असं तोंडाने म्हणालो, पण आतून केव्हाच हो म्हणून बसलो होतो. कोणीतरी पुन्हा मला काही सांभाळायला देत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

सुमेधा अल्बम बराच वेळ बघत होती. परत देताना त्यातला म्हातारीचा फोटो कमी होता. यशवर्धन म्हणाला, "असू दे, आत्याला राहू दे." तिला कशाला हवाय कोण जाणे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

यशवर्धनच्या विजय नगरच्या ऑफिसात गेलो. काचेची इमारत. आत इतकं थंड की मी रुमाल कानाला बांधला. एक मुलगी म्हणाली, "वेलकम गोपीनाथजी, कॉफी लेंगे?" मिलमध्ये मला एवढ्या वर्षांत कोणी वेलकम केलं नव्हतं, फाटकावर पठाण फक्त झडती घ्यायचा.

मला छापील कार्ड मिळालं. माझं नाव, खाली 'सेफ्टी अँड मेंटेनन्स इन-चार्ज'. येताना टेम्पो स्टँडवर चिंतामण भेटला. आमच्या खात्यातला हा, आता साड्यांच्या दुकानात घड्या घालतो. त्याने कार्ड उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "क्या बात है भिया, तू तर अफसर झालास!" मग कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तितकंच बरंही वाटलं.

कार्ड देवापुढे ठेवलंय.

८ सप्टेंबर, सोमवार

आज जागेवर गेलो. तार ताणून झाली आहे. काम चोख आहे, मुंबईचे इंजिनिअर येऊन करून गेले. पण मी विचारलं, ब्रेक कुठाय? तर यशवर्धनने मला काय दाखवावं? चामड्याचा हातमोजा!

"बस, हाच ब्रेक. पलीकडचा मचाण जवळ आला, की कप्पीच्या मागे तारेवर तळवा दाबायचा. घासून स्पीड कमी होतो. कोस्टा रिकात असंच करतात."

इतकं मोठं यंत्र आणि ब्रेक म्हणजे माणसाचा तळहात! आमच्याकडे कापूस पिंजायच्या साध्या कार्डिंग मशीनलाही ब्रेक असायचा. पण त्याने आधी वाळूची पोती सोडली, मग तो स्वतः गेला, आणि मचाणावर अलगद, पाहुणा टेकतो तसा टेकला.

"काका, एक गोष्ट ध्यानात ठेवा. केबल ड्राय पाहिजे. एकदम ड्राय, हमेशा."

मी म्हटलं, पावसात चालवायला मी काय वेडा आहे का? ताडपत्री मागवायला सांगितली. शिवाय माझ्याकडून एक भर घातली. मचाणामागे सागाचं झाड आहे, त्याला मिलच्या लिलावातल्या रद्दी सुताच्या गोण्या बांधून घेतल्या. यशवर्धन हसला. म्हणाला, इथवर कोणी पोचणारच नाही. मी म्हटलं, राहू दे.

घरी सगळं सांगितलं. सुमेधाने ब्रेकचं दोनदा विचारून घेतलं. कोणता हात? तळवा की बोटं? मी चकित झालो. शिलाई मशीनचा पट्टा सुटला तरी मला हाक मारणारी बाई, तिला कधीपासून यंत्रात रस?

१० सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशीची झांकी, चित्ररथांची मिरवणूक, पाहिली. मिल बंद, पण मिलची झांकी निघाली. पोरांनी वर्गणी जमवून, जुन्या मोटारी जोडून काढली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो, लाज वाटली नाही. आमच्या झांकीत हनुमान तारेवरून पुढे-मागे सरकत होता.

सुमेधा त्याच्याकडे बघत म्हणाली, "त्याचं बरंय. त्याला कोणी विचारत नाही, जाऊ का म्हणून."

२० सप्टेंबर, शनिवार

गच्चीत धप्प असा आवाज झाला म्हणून वर गेलो. सुमेधा जमिनीवर बसलेली, हातात माझा मिलमधला चामड्याचा मोजा, आणि कपडे वाळत घालायची तार गदागदा हलत होती.

"हे काय?"

"तार उन्हाने तापते, हाताला चटका बसतो."

"आणि खाली का बसलीस?"

"दमले."

तार तापते हे खरं आहे. पण इतकी वर्षं काय बर्फाची होती? पितृपक्षात लोकांचं डोकं जरा फिरतंच. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, हळद लावून दिली.

२८ सप्टेंबर, रविवार

मुहूर्त ठरला. दसऱ्याला उद्घाटन. पहिला मान प्रतापरावांचा, त्यांच्याआधी कोणीही तारेवरून जायचं नाही. हे त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं. वर्तमानपत्रवाले येणार आहेत, विजय नगरचे काही बडे लोकही. यशवर्धन म्हणाला, "काका, ये दिन निकल गया तो समजो कंपनी चल पड़ी. नाहीतर बँक मला सोडणार नाही." पोराचा चेहरा उतरला होता. त्याचं सगळं या एका दिवसावर आहे. माझंही आहे, पण ते मी बोललो नाही.

सुमेधाने विचारलं, "दादा जाईल? त्याला तर जिन्यावर भोवळ येते."

मी म्हटलं, माहेरच्या माणसांबद्दल असं बोलू नये.

४ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

आज मन भरून आलंय. बऱ्याच दिवसांनी मी नवमी नवमीसारखी केली.

मिलमध्ये आज सगळं खातं धुऊन-पुसून लख्ख व्हायचं. प्रत्येक यंत्राला तेल, मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. तेलाशिवाय आमच्याकडे पूजा नव्हती. ज्या यंत्राला तेल नाही, ते यंत्र उपाशी, असं आम्ही मानायचो. मिल बंद झाली तेव्हा स्पिंडल ऑइलचा एक डबा मी घरी आणला होता. इतके दिवस माळ्यावर होता. आज तो उघडला आणि त्या वासाने खातंच्या खातं समोर उभं राहिलं.

मी आणि सुमेधा सकाळीच जागेवर पोचलो, बाकी कोणी यायच्या आत. सुताचा बोळा तेलात बुडवून कप्पीला बांधला आणि ओढायच्या दोरीने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन वेळा फिरवला. सुमेधाने डबा धरला होता. तार अशी चमकली की बघत राहावं. मग कुंकू, माळ, नारळ. कप्पी बोटाने फिरवून पाहिली, लोण्यासारखी फिरते.

थोड्या वेळाने यशवर्धन आणि प्रतापराव आले. पोरगा म्हणाला, "काका, उद्याच्या आधी एक लास्ट ट्रायल घेऊन टाकू."

मी म्हटलं, अजिबात नाही. पूजलेलं यंत्र आज चालवत नाहीत. आज त्याची विश्रांती.

"अरे पण काका..."

प्रतापरावांनी मिशीवर हात ठेवला. "आपल्या घराण्यात नवमीला पूजलेली तलवार दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. आणि उद्या पहिला मी. माझ्या आधी ट्रायल झाली, तर तो मान कसला?"

यशवर्धन कधी नव्हे तो ऐकला. संस्कार कुठे जात नाहीत. समाधान वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

सुमेधाचा पाय मोडला. लिहवत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सगळे जमले होते. सोनं वाटून झालं. फोटोवाले दरीच्या कडेला दाटीवाटीने उभे. प्रतापरावांना फेटा, फेट्यावर हेल्मेट, पट्टे बांधून मचाणावर आणलं. त्यांनी खाली पाहिलं. एकदाच. मग आहेत तिथेच बसले आणि म्हणाले, "माझं बीपी." मिशीसकट चेहरा पांढरा झाला होता. फोटोवाले एकमेकांकडे बघू लागले, कोणीतरी हसलं. यशवर्धनच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा मागून आवाज आला, "दादाचा मान मी घेते. माहेरचाच मान आहे, बाहेर जात नाही."

मी वळून बघतो तो काय! सुमेधा. अंगावर आमच्या लेकीचा, उर्वीचा, सलवार-कुडता, पायांत कॅनव्हासचे बूट. सकाळी नेसलेली साडी कुठाय? लग्नापासून या बाईला मी साडीशिवाय पाहिलेलं नाही. मी गर्दीतून पुढे येईपर्यंत यशवर्धनने पट्टे बांधले होते आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती, समोर बघत होती.

ती सुटली. लोक म्हणतात तिने किंकाळी फोडली. किंकाळी नव्हती ती. ती हसत होती. मी तिचं असं हसणं कधी ऐकलेलं नाही, म्हणून लगेच ओळखू आलं नाही.

पलीकडचा मचाण जवळ आला. तिने हात वर नेला, तो मला दिसला. मग पुन्हा वर नेला. कप्पी हळू होईचना. मचाण मागे गेला आणि ती सरळ गोण्यांवर जाऊन आदळली. गोणी फुटली, सूत सगळीकडे उडालं, आणि मला काही दिसेनासं झालं. पलीकडे मी कसा पोचलो, आठवत नाही. घोटा मोडला होता. गोण्या नसत्या तर काय झालं असतं, ते मी लिहिणार नाही.

यशवर्धन तिचे पट्टे सोडवत होता. "आत्या, ब्रेक? ब्रेक नाही लागला का?"

सुमेधाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी लावलाच नाही रे. मजा येत होती. विसरले."

माझा ताबा सुटला. पत्रकार, पाहुणे, प्रतापराव, सगळ्यांसमोर मी तिला बोललो. इतकं समजावून सांगितलं होतं, दोनदा विचारून घेतलं होतंस, वयाचं तरी भान हवं, पोराचा धंदा बुडवलास, असं सगळं. ती खाली मान घालून ऐकत होती. एवढी ऐकून घेणारी बाई नाही ती. पाय फार दुखत असावा.

इस्पितळात उजव्या हातातला मोजा काढू देईना. नर्सने ओढला, तर मूठ आवळून धरली. मार लागला की माणूस असं वागतो, असं डॉक्टर म्हणाले.

८ ऑक्टोबर, बुधवार

पेपरात आलं: 'बुजुर्ग महिला ब्रेक लगाना भूलीं'. बुजुर्ग! सुमेधाने बातमी माझ्याकडून वाचून घेतली आणि एवढंच म्हणाली, "तारेत दोष, असं नाही ना लिहिलं?"

"नाही."

"मग ठीक."

यशवर्धन आला होता. बँकेचा माणूस म्हणाला म्हणे, यंत्र ठीक असेल तर आमची हरकत नाही, माणसांवर नियम घाला. म्हणून नियम झाला: पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना बंदी. माझं अक्षर चांगलं, पाटी मीच रंगवायची.

सुमेधाने भाच्याकडे बघून मान हलवली. "बरोबर आहे. नियम पाहिजेच."

१२ ऑक्टोबर, रविवार

पाटी रंगवली. लाल अक्षरं, पांढरी पार्श्वभूमी: '४५ वर्ष से अधिक आयु की महिलाओं को सख्त मनाही'. सुमेधाला दाखवली. तिने खाटेवरून बराच वेळ पाहिली. "'सख्त' जरा तिरकं झालंय," म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारी ती कधी झोपत नाही.

काल आणखी एक विचित्र प्रकार. बाजारातून आलो तर ही बाई प्लास्टरचा पाय बादलीवर ठेवून मोरीत बसलेली आणि त्या दिवशीचा तो चामड्याचा मोजा साबणाने घासतेय. घासतेय म्हणजे काय, जीव खाऊन. म्हटलं, अगं चामडं कोणी धुतं का? खराब होईल.

"दुसऱ्याची वस्तू, घाण परत देऊ नये."

बायकांच्या स्वच्छतेपुढे मी हात टेकले. म्हातारीचा तो फोटो आज केराच्या टोपलीत दिसला. सुबक चार तुकडे केलेला. विचारलं तर म्हणाली, जुना झाला होता.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हे लिहिताना मला माझीच किळस येते आहे.

उद्यापासून तार पुन्हा सुरू होणार म्हणून मी सकाळी पाटी ठोकायला आणि तपासणीला गेलो. एकटाच होतो. पलीकडच्या मचाणावर उभा राहून सहज नवा मोजा हातात घातला आणि तारेवर तळवा दाबून पाहिला. हात सटकला. पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून. साबणावरून सरकावा तसा सरकला. मोजा नाकाशी नेला.

स्पिंडल ऑइल. माझं. माळ्यावरच्या डब्यातलं.

केबल ड्राय पाहिजे, एकदम ड्राय. पोराने मला स्पष्ट सांगितलं होतं. आणि मी त्यावर ताडपत्री मागवली.

मी मचाणावरच खाली बसलो. मग एकेक समोर येऊ लागलं. तिने हात वर नेला होता. दोनदा. मी स्वतः पाहिलं होतं, स्वतः लिहिलं आहे, आणि तरी तिला 'विसरलीस' म्हणून बोललो. तिने मोजा बघितला, मग मला बघितलं. डबा तिनेच धरला होता, तिला तिथल्या तिथे कळलं असणार. घोटा मोडलेला असताना पहिल्यांदा तिच्या मनात काय आलं, तर माझं कार्ड. गच्चीतली तार, खरचटलेला गुडघा, उर्वीचा कुडता, फाडलेला फोटो. सगळं माझ्या नाकासमोर होतं. मी सेफ्टी इन-चार्ज.

आणि ती बंदीची पाटी माझ्या मांडीवर होती, माझ्याच सुबक अक्षरातली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी विजय नगरला गेलो. यशवर्धनसमोर कार्ड ठेवलं आणि सगळं सांगितलं. तेल, बोळा, नवमी, विश्रांती. तार आज चालवू नकोस, हे आधी सांगितलं. त्याने फोन उचलून तार बंद ठेवायला सांगितलं. मग म्हणाला, "काका, आत्या मर सकती थी." इतकंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. उठताना मी कार्ड तिथेच ठेवलं, त्यानेही परत दिलं नाही.

घरी आलो. सुमेधा खाटेवर बसून मटार सोलत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मला कळलं. तेलाचं. यशवर्धनला सांगून आलो."

तिचे हात थांबले.

"सांगून टाकलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. नोकरी गेली बहुतेक."

ती भडकली. इतके दिवस खाली मान घातलेली बाई अशी भडकली, की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "मग माझा पाय काय फुकट मोडला? लोकांची बोलणी खाल्ली, तुमचीपण खाल्ली, पेपरात बुजुर्ग झाले, ते सगळं पाण्यात? मला विचारायचं तरी एकदा!"

मी म्हटलं, "तू विचारलं होतंस का? दोष स्वतःवर घेताना?"

त्यावर ती रडू लागली. मीही रडलो. मटार सगळे खाली सांडले, ते दोघांपैकी कोणी उचलले नाहीत. मी तिची माफी मागितली. लग्नापासून पहिल्यांदा, आणि ती कशी मागतात हे मला नीट येतही नव्हतं. ती ऐकत होती. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पाटी ठोकलीत?"

मी पिशवीतून पाटी काढून तिच्यासमोर धरली. तिने ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली, खाटेखाली सारली आणि प्लास्टरचा पाय तिच्यावर टेकवला.

"उद्या रॉकेल घेऊन जा," ती म्हणाली. "पगार देवो न देवो, तार तुम्हीच पुसायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा पाय बरा होईपर्यंत ती कोरडी झाली पाहिजे."